बिनकाठाची टोपली

लग्नाच्या मांडवात सगळ्यांचं लक्ष नवरा-नवरीकडं असतं. आमच्या शेजारच्या नामूअण्णांचं दाराशी बांधलेल्या केळीच्या खांबांकडं. अक्षता पडल्या रे पडल्या की ते मुलीच्या बापाला गाठतात. मुलीची पाठवणी व्हायच्या आत खांबांची पाठवणी ठरवून मोकळे.

आमच्या करकंबात घड उतरले की केळीचे खांब बांधावर कुजत पडायचे. अण्णा ते सोलतात, निघालेले पदर म्हणजे सोपटं वाळवतात आणि गल्लीतल्या बायकांना अंगणात बसवून त्यांच्या टोपल्या, चटया विणायला शिकवतात. फी नाही, वर चहा. मीही जाते. पण शिकवणारा एका जागी बसेल तर शपथ. विळा शोधायला उठतात, उन्हातली सोपटं उलटतात, येता येता "ढिली हाय" म्हणून माझी वीण उसवतात. टोपली कडेला आली की चटई काढतात, चटई निम्मी झाली की पिशवी. टोपलीचा काठ कसा बांधायचा विचारलं की उत्तर ठरलेलं, "काठ उद्या." त्यामुळं गल्लीत घरोघरी बिनकाठाच्या टोपल्या आहेत. कांदे भरले की कड सुटते आणि कांदे घरभर फिरतात.

परवा सोलापूरच्या एका दुकानदारानं टोपल्या मागितल्या. आम्ही हरखलो. मी म्हटलं, अण्णा, आता काठ शिकवाच, म्हणजे आम्ही घरी बसूनही विणू.

"म्हंजे हितं कुणी येनार न्हाय व्हय?" अण्णा म्हणाले, आणि आत्ताच उलटलेली सोपटं पुन्हा उलटायला गेले.

अण्णांच्या पत्नी, आमच्या काकू, वारल्या, लेक सांगोल्याला नांदते. चार वाजता आम्ही आलो नाही तर त्या घरात बोलायला कोणी नाही, हे मला तेव्हा कुठं उमगलं. फार वाईट वाटलं.

शांताक्का आमच्यात वडीलधारी. विणता विणता ती म्हणाली, "घरी कुटलं विनतोय आमी, अण्णा? घरी बसलं की सासू धा कामं सांगती. आमी हितंच येनार. च्या तेवढा ठेवत जावा."

अण्णा माझ्या शेजारी येऊन चक्क मांडी घालून बसले. माझी टोपली घेतली. सोपट आत घातलं, बाहेर काढलं, ओढलं. इतका सोपा काठ होता. टोपली माझ्या हातात देत त्यांनी हळूच विचारलं, "उद्या येताय न्हवं?"