वापरकर्ता आढळला नाही

खोटे बोलायला जीभ लागते ही समजूत आता जुनी झाली. आजमितीला सर्वाधिक खोटे बोटाने बोलले जाते, आणि तेही एकच वाक्य : 'मी वरील सर्व अटी वाचल्या असून त्या मला मान्य आहेत.' एका पाहणीनुसार (ती कोणी केली हे विचारू नये, पाहणी म्हटले की पुरे असते) हे वाक्य खरे ठरवणारी माणसे शंभरात शून्य भरतात. त्या पाहणीतून एक गृहस्थ निसटला होता, त्याची ही हकीगत.

वेलांटीकाका छापखान्यात मुद्रितशोधक होते. म्हणजे मजकूर छापला जाण्याआधी त्यातल्या चुका काढण्याचा त्यांना पगार मिळे. निवृत्तीबरोबर पगार थांबला, खोड राहिली. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद, दाराखालून सरकवलेली जाहिरात, लिफ्टमधली सूचना, सगळे ते अथपासून इतिपर्यंत वाचत आणि ऱ्हस्व-दीर्घ सुधारत. नाव त्यावरूनच पडले. स्वभाव मात्र भिडस्त. दुकानात आपली पाळी आली तरी मागच्याला 'तुम्ही घ्या' म्हणणारा.

दूरदेशी असलेल्या त्यांच्या लेकीला मुलगी झाली होती. काकूंची नजर अधू, त्यामुळे फोनवर त्यांना नात म्हणजे 'फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी' एवढीच दिसली होती. रविवारी सकाळी ती घरातल्या संगणकाच्या मोठ्या पडद्यावर दाखवायची असे ठरले. नाक कुणाचे घेतलेय ते एकदा कळावे, काकूंचे एवढेच मागणे होते. पण संगणकही आता वयाला टेकला होता. समोरासमोर बोलण्याचे ते नवे काहीही चालवायला त्याने साफ नकार दिला.

भाच्याचे दुरुस्तीचे दुकान होते. त्याने येऊन निदान केले.

"मामा, ह्याची ऑपरेटिंग सिस्टिम म्हातारी झालीय. नवी टाकू."

"म्हणजे नेमकं काय?"

"म्हणजे शरीर तेच, जीव नवा."

"माणसांसाठी मिळतो का रे?" काकूंनी नवऱ्याकडे पाहत विचारले.

भाच्याने पेनड्राइव्ह लावला, सुरुवात करून दिली, आणि "काही विचारलं की 'पुढे' दाबत जा" असे सांगून तो दुकानात गेला. पडद्यावर करार आला. त्याच्या तळाशी एक चौकोन होता. काकांनी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले. बरेच वाचून झाल्यावर संगणकाने सुस्कारा टाकला, पडदा काळा पडला आणि अक्षरे उमटली : 'वापरकर्ता आढळला नाही. प्रक्रिया रद्द.'

"असं कसं?" काकू म्हणाल्या. "समोर तर बसलेत."

काकांनी चष्मा पुन्हा पुसला. हे कोणीतरी कधीतरी स्पष्ट बोलणार, अशी त्यांना पहिल्यापासूनच शंका होती.

बिघाड शोधणे हे शास्त्र आहे. जे बदलता येते ते बदलावे, मग बिघाड तिथे असो वा नसो, हे त्याचे मूलतत्त्व. त्यानुसार भाच्याने पेनड्राइव्ह बदलला. मेमरीची पट्टी काढून तिची टोके खोडरबराने घासली (खोडरबर काकांचे; चुका खोडण्याचा त्याला दांडगा अनुभव होता). आतला चपटा सेल बदलला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त अभियंते, ज्यांची हयात पाणीपुरवठ्यात गेली, त्यांनी खाली येऊन डब्याला दोन थापा मारल्या आणि "दाब कमी पडतोय" असा अभिप्राय दिला. प्रत्येक उपायानंतर भाचा नव्याने सुरुवात करून दुकानात जाई, काका चष्मा पुसून नव्याने वाचायला बसत, आणि वापरकर्ता नव्याने आढळत नसे. अंतिम निष्कर्ष पुढीलप्रमाणे निघाला : पेनड्राइव्ह निर्दोष, मेमरी निर्दोष, वीज निर्दोष, अभियंते निर्दोष. तेव्हा संगणक भंगारात द्यावा असे एकमताने ठरले. (काकांचे मत मोजले नाही. ते वाचत होते.)

शनिवारी भाच्याला एक प्रश्न सुचला. "मामा, मी गेल्यावर तुम्ही नक्की करता काय?"

"वाचतो."

"काय?"

"करार. खाली 'वाचल्या आहेत' असं लिहिलंय ना?"

भाच्याने हातातला पेचकस खाली ठेवला. असा बिघाड त्याच्या दुकानात कधी आला नव्हता.

"मामा, तो वाचायचा नसतो."

"मग लिहितात कशाला?"

हा भाग त्याच्या अभ्यासक्रमात नव्हता. तरी मामाचे मन मोडू नये म्हणून त्याने सगळा करार छापून आणला. "हा घ्या गठ्ठा. निवांत वाचा. उद्या मी येऊन दाबतो."

"तू वाचलायस?"

"नाही."

"मग तू कसा दाबणार?"

रविवारी भाचा यायच्या आधीच काका स्वतः सुरुवात करून गठ्ठा पडद्याशी ताडत बसले होते. मध्येच ते लाल पेन्सिल शोधायला आतल्या खोलीत गेले. काकू उठल्या, चौकोनावर टिचकी मारली आणि 'पुढे' दाबले. जो संगणक इतके उपचार करूनही मेल्यासारखा पडला होता, तो सुतासारखा सरळ चालू लागला. स्वागताचा निळा पडदा आला. त्यावर वापरकर्त्याचे नाव होते 'ह'; काकूंना अंदाजाने 'हे' लिहायचे होते, मात्रा सापडली नाही.

लेक पडद्यावर आली, नात पडद्यावर आली. काका गठ्ठा घेऊन कोपऱ्यात बसले. बोलावले तर जावे, असा त्यांचा विचार होता. तिथून त्यांना काकूंचा अंबाडा आणि त्याच्या कडेने एक इवली मूठ दिसत होती.

"नाक ह्यांचंच गं," काकू म्हणाल्या. "आता ही पण सगळ्यात खुपसणार."

"बाबा कुठायत? दिसत नाहीत ते."

"आहेत की. वाचताहेत."

"बरं," लेक म्हणाली, आणि विषय बाळाच्या झोपेकडे वळला.

पडदा बंद झाल्यावर काकांनी शेवटचे पान वर धरले. "अगं, तू काय मान्य केलंयस ठाऊक आहे का?"

"लग्नाला तुम्ही कुठं वाचून हो म्हणाला होतात?"

काका विचारात पडले. तो एक करार त्यांनी खरोखरच वाचला नव्हता, आणि त्यात अजून चूकही सापडली नव्हती. तरी त्यांनी घसा साफ करून शेवटचे कलम मोठ्याने वाचायला घेतले. तोवर काकू नाकाची बातमी द्यायला वरच्या मजल्यावर गेल्या होत्या. ऐकायला कोणीच नव्हते, म्हणून ते कलम इथे जसेच्या तसे देतो :

'करार वाचण्यात गेलेला वेळ निष्क्रियता समजला जाईल व निष्क्रिय वापरकर्ता अनुपस्थित मानला जाईल. प्रस्तुत कलम पूर्णतः, अंशतः अथवा अन्य लेखनात उद्धृत स्वरूपात ज्याच्या नजरेखालून जाईल तोही, त्याने ते वाचलेले असो वा नसो, वापरकर्ता ठरेल. आणि घरातील जी व्यक्ती एका जागी गप्प बसलेली असेल तिला यापुढे अनुपस्थित समजण्यास त्याची संमती आहे असे गृहीत धरले जाईल.'

काकांनी त्यात एक वेलांटी सुधारली आणि पान गठ्ठ्यात ठेवले.

आपणही ते कलम वरवर चाळून इथवर आला असाल. हरकत नाही, तेवढ्याने संमती पुरी होते. आता फक्त मान वर करून कोपऱ्यात कोण बसले आहे ते पाहू नका. कराराचा भंग होईल.