साल मले द्या

श्यामरावजींना संत्रं दिलं की ते हात जोडून परत करत. "संत्रं तुमी खा भाऊ, साल मले द्या!"

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. मी नकाशे काढणारा, ते सिमेंटकामावरचे मिस्त्री, मूळचे काटोलकडचे. आमच्या खोल्या शेजारीशेजारी. नागपूरच्या गाडीनं संत्री आली की हे झोळी घेऊन दारोदार. साली सावलीत वाळवायच्या आणि तिळाच्या तेलात मंद आचेवर ठेवायच्या. साऱ्या कॅम्पाला वास! ते तेल स्वतःच्या डाव्या हाताला लावत, उजवा तसाच ठेवत. "हा हात आपला, हा सरकारी!" सरकारी हात खरंच सरकारी रस्त्यासारखा होता.

"कावून एवढा खटाटोप?" कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "साल राजा आहे, फोड तिची परजा!"

सिमेंटनं मजूर बायांचे हात फुटत. त्यांतल्या सुकवाराला तर घमेलं धरवेना. मुकादम म्हणाला, उद्यापासून येऊ नको. श्यामरावजी तिला घेऊन थेट दवाखान्यात. मी मागोमाग.

बाटली हुंगून डॉक्टर हसले. "मिस्त्री, लोणचं घातलंत की काय?"

"हसा साहेब. पण हिच्या एका हाताले निस्तं तिळाचं तेल लावा, दुसऱ्याले माझं. पंधरा दिवसांनी तुमीच सांगा."

"आधी भेगा मिटू द्या," डॉक्टर म्हणाले. "आणि लावून उन्हात जायचं नाही."

तोवर श्यामरावजींनी तिला आपल्याकडे हलक्या कामावर घेतलं. मुकादमाशी भांडून.

भेगा मिटल्यावर पंधरा दिवस दोन हातांना दोन तेलं लागली. ठरल्या दिवशी दवाखान्यासमोर बायांची ही गर्दी! डॉक्टरांनी चष्मा पुसून दोन्ही हात उलटेपालटे पाहिले. "तिळाचा हात बरा आहे. पण हा..."

"बने होगे, साहब!" बरा झाला, असा सुकवारानंच आपल्या छत्तीसगढीत निकाल दिला आणि बायांनी दारात आणून ठेवलेलं भरलं घमेलं उचलून डोक्यावर घेतलं. बाया ओरडल्या, टाळ्या पडल्या. मुकादम मान खाली घालून हजेरीत तिचं नाव लिहायला गेला. डॉक्टरांनी दार लोटलं, बूट काढला आणि हळूच म्हणाले, "मिस्त्री, माझी टाच बघा जरा."

परतताना श्यामरावजी राजासारखे चालत होते. मी विचारलं, "हे सुचलं कसं तुम्हाला?"

ते थांबले.

"बायको लोकायच्या वावरात कापूस वेचे. तिचे हात मी कधी पायलेच नाई, भाऊ. तिरडीवर जोडून देताना पयल्यांदा पायले."