बहिरोपंतांनी टपालाची ठिगळे लाविली त्याचे वर्तमान

श्रीविघ्नहर्त्यास नमन, श्रीशारदेस नमन, आणि जिच्या रुसण्याने भल्याभल्यांचे पडदे काळे होतात त्या वीजदेवतेस त्रिवार नमन. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, कार्तिक शुद्ध पक्षी धन्यांची आज्ञा जाहली की, राज्यात ठिगळांची मोहीम जाहली तीत कोणी काय पराक्रम केला आणि कोणाची काय शोभा जाहली ते साद्यंत लिहून ठेवणे, आणि कोणाचा मुलाहिजा न धरणे. आज्ञा शिरसावंद्य. मुलाहिजा धरावा ऐसे या मोहिमेत कोणी नव्हतेही.

ऐसीयास, हे राज्य गडकोटांचे नव्हे, घोड्या-उंटांचे नव्हे. येथे तलवार कोणी पाहिली नाही, आणि पाहिली असती तर आधी म्यानाचा रंग ठरविण्यास सभा भरली असती. राज्याची दौलत म्हणजे एक प्रोग्राम, आणि त्याच्या जोरावर साती प्रांतांचा कारभार चाले. त्याच्या कोडाच्या शाखा अनेक, परंतु मुख्य शाखा एकच, आणि तिची किल्ली बहिरोपंत जोडणीदार यांचे कमरेस असे. कोडात कोठे उसवले, कोठे भोक पडले, म्हणजे दूरचे कारागीर ठिगळ तयार करीत आणि ईमेलने धाडीत. त्या पत्रात वरती काय केले त्याची चार ओळींत हकीकत असे, आणि खाली मुख्य मजकूर असे, तो ऐसा की, उणे चिन्हाच्या ओळी कोडातून काढाव्या आणि अधिक चिन्हाच्या ओळी त्या जागी घालाव्या. मग दरवाज्यावर गिट नामे यंत्र बसविले होते, त्यास 'गिट एएम' ऐसा हुकूम लिहून पत्र हाती दिले की ते पत्र फोडी, उणे ते काढी, अधिक ते घाली, ठिगळ जागच्या जागी शिवी, आणि कर्त्याचे नाव व वरची हकीकत राज्याच्या इतिहासात नोंदवी. गिट लाच घेत नसे आणि कोणास मान देत नसे, म्हणोन दरबारी मंडळी त्यास उद्धट म्हणत.

आता बहिरोपंतांची कथा ऐकावी. पंतांनी स्वतः कोड लिहिल्याचे कोणास स्मरत नव्हते, पंतांसही स्मरत नव्हते. परंतु त्यांचे अक्षर मोत्यांसारखे, आणि मायना लिहिण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, आणि ते कचेरीत आले की सारी मंडळी उठून उभी राहात. या उभे राहण्यावर पंतांचा जीव. किल्ली आहे म्हणोन लोक उठतात, हे त्यांस पक्के ठाऊक होते, आणि किल्ली गेली तर आपण भर कचेरीत चालत जाऊ आणि कोणी मान वर करून पाहणार नाही, हे भय त्यांस नित्य असे. एकदा ऐसे जाहले की, धन्यांपुढे टपाल वाचीत असता मध्येच अधिक-उण्याच्या ओळी आल्या आणि धनी हसून बोलिले, हे काय मुलांनी भिंत रेघोटली आहे. पंतांचे कान लाल जाहले. त्यांनी त्याच दिवशी विसाजी चिटणिसांस हुकूम केला की, यापुढे बाहेरून येणारे प्रत्येक पत्र शुद्ध करावे, वर दरबारी मायना घालावा, खाली लेखनसीमा घालावी, आणि मध्ये जी चिन्हे-बिन्हे, कंस, महिरपी असतील तो कचरा समजोन काढावा. विसाजी आज्ञाधारक, त्यांनी तैसेच चालविले. पुढे कित्येक महिने टपाल म्हणजे सणावाराच्या शुभेच्छा आणि पंतांचे अभिनंदन एवढेच येत गेले, म्हणोन कोणाचे काही अडले नाही आणि पत्रशुद्धीची मोठी वाहवा जाहली.

मग श्रावणात बोंब उठली. प्रोग्रामच्या महाद्वारी परवलीचा शब्द मागत, तेथे काहीच न लिहिता नुसते एंटर दाबिले तरी द्वार उघडे. चोरांस ही खबर दरबाराआधी लागली. दोन प्रांतांची दप्तरे उलटीपालटी जाहली आणि लोक शिव्या देऊ लागले. बहिरोपंतांनी तातडीने सभा घेतली, सभेने समिती नेमिली, आणि समितीने पुष्कळ विचार करून द्वारावर पाटी लाविली की, अभ्यागतांनी परवलीचा शब्द अवश्य लिहावा ही विनंती. चोरांनी विनंती मनावर घेतली नाही. तेव्हा धन्यांनी पंतांस बोलावून सर्वांसमक्ष सांगितले, "विजयादशमीच्या आत द्वार बंद जाहले पाहिजे. न जाहले तर मुख्य शाखेची किल्ली द्वारकाबाईंस देऊ."

द्वारकाबाई म्हणजे कोण, तर ज्यांनी मूळ महाद्वार बांधिले त्या. पूर्वी दरबारातच होत्या, पंतांच्याच बरोबरीच्या. विद्या दांडगी आणि जीभ त्याहून दांडगी. त्या एकदा भरसभेत बोलिल्या होत्या की, पंत, तुमचे अक्षर सुंदर आहे खरे, पण यंत्र अक्षर पाहात नाही. ते पंतांचे काळजात रुतून बसले होते. मग पंतांनी मायन्याखेरीज आलेली त्यांची पत्रे असभ्य म्हणोन परत धाडण्याचा सपाटा लाविला, आणि बाई कंटाळून सरहद्दीच्या ठाण्यावर जाऊन राहिल्या. आता त्याच बाईंपुढे तोंड वेंगाडणे आले. अडला हरी म्हणतात ते खोटे नाही. पंतांनी दीड पानाचा मायना आणि एका ओळीची विनंती ऐसे पत्र धाडिले. बाईंनी दुसरेच दिवशी पाच ठिगळे पाच पत्रांत करून पाठविली आणि वेगळ्या चिठीत लिहिले, "पत्रे आहेत तशी गिटच्या हाती द्यावी. वाचू नये, सजवू नये."

पंतांनी चिठी वाचली आणि त्यांस हसू आले. वाचू नये म्हणजे काय, सजवू नये म्हणजे काय, सरहद्दीवर राहून बाई पार रानवट जाहल्या, ऐसे ते विसाजींस बोलिले. मग विसाजींनी रिवाजाप्रमाणे पाचही पत्रे शुद्ध केली. मायना घातला, लेखनसीमा घातली, बाईंची हकीकत सुवाच्य ठेविली, आणि अधिक-उण्याच्या साऱ्या ओळी केर काढावा तैशा काढून टाकिल्या. पंतांनी अंगावर शेला घेऊन, आसनावर नीट बसोन, एकेक अक्षर वेचून हुकूम लिहिला आणि पहिले पत्र गिटच्या हाती दिले. गिटने उत्तर दिले की, ठिगळ रिकामे आहे. आता वगळावे, की मोहीम मोडावी, की रिकामे ठिगळ रिकामेच म्हणोन इतिहासात नोंदवावे, हे सांगावे.

विसाजी दबकत म्हणाले, "पंत, रिकामे म्हणते आहे. बाईंस एकवार विचारावे का?" पंत बोलिले, "विसाजी, मलमल हातात घेतली तर हाती काही आहे ऐसे वाटते काय? जितके तलम तितके उंची. यंत्रास वस्त्राची पारख कोठून असणार." आणि मनात त्यांनी विचार केला की, वगळणे हे भित्र्यांचे काम, मोडणे म्हणजे माघार, आणि नोंदविणे हाच शब्द काय तो दरबारास शोभेसा आहे, शिवाय बाईंस विचारिले तर बाई चारचौघांत सांगतील. म्हणोन नोंदवावे ऐसा हुकूम दिला. गिटने मुकाट्याने नोंदविले. दुसरे पत्र तैसेच, तिसरे तैसेच, आणि पाचवे नोंदवून जाहल्यावर गिट काही बोलेना. पंतांस वाटले, यंत्र शरण आले. अक्कल गहाण ठेवावी तर ती निदान कोणी घेईल ऐसी तरी असावी. पंतांच्या अकलेस सावकारही मिळाला नसता.

मग पंतांनी इतिहास उघडून पाहिला, तो पाचही नोंदी झळकत होत्या, परवलीचा शब्द रिकामा असता द्वार उघडू नये, इत्यादी, मायन्यासह. परंतु कर्ता म्हणोन प्रत्येक नोंदीवर नाव द्वारकाबाईंचे. पंतांचा जेवणाचा घास कडू जाहला. आपण शेला घेऊन बसलो, आपण हुकूम लिहिला, आणि नाव त्या उद्धट बाईचे, तर मग धनी किल्ली तिलाच न देतील कशावरून? आता कर्त्याचे नाव बदलण्याचाही एक हुकूम गिटपाशी आहे. पंत बाकी सारे विसरले असतील, तो हुकूम विसरले नव्हते. त्यांनी एकेक नोंद धरून पाचही ठिकाणी आपले नाव चढविले, आणि तो इतिहास साती प्रांतांस रवाना केला, आणि त्या दुपारी फार दिवसांनी पोटभर जेविले.

विजयादशमीस दरबार भरला. पंतांनी पाच नोंदी खणखणीत आवाजात वाचिल्या, तेव्हा सभेने मान डोलाविली, आणि समितीच्या मंडळींनी तर आपणच ठिगळे शिवल्यासारखे एकमेकांस आलिंगन दिले. धनी प्रसन्न होऊन बोलिले, "पंत, आता तुम्हीच द्वार लोटून दाखवा, म्हणजे सर्वांची खातरी होईल." पंत डौलात पुढे गेले. परवलीची जागा मोकळी सोडिली, करंगळीने एंटर दाबिले, आणि महाद्वार सताड उघडले, आणि वरती अक्षरे आली की, या, आपले स्वागत असो.

 किल्ली जाते ऐसे दिसताच पंत तोंडास आले ते बोलिले, की हा दगा आहे, द्वारकाबाईंनी जाणून पोकळ ठिगळे धाडिली, हे काम त्यांचे आहे, माझे नाही. धन्यांनी तत्क्षणी बाईंस पडद्यावर बोलाविले आणि पंत काय म्हणतात ते ऐकविले. बाईंनी शांतपणे पुसिले, "इतिहासात कर्ता म्हणून नाव कोणाचे आहे?"

धन्यांनी स्वतः वाचिले. बहिरोपंत. बहिरोपंत. पाची ठिकाणी बहिरोपंत. बाई म्हणाल्या, "मग माझे काम अजून तुमच्या राज्यात आलेच नाही," आणि त्यांनी तीच पाच पत्रे पुन्हा धाडिली. या वेळी धन्यांच्या आज्ञेने विसाजींनी ती न वाचता, न सजविता गिटच्या हाती दिली. गिटने पाचही ठिगळे हूं की चूं न करिता लाविली. मग धन्यांनी आपल्या हाताने एंटर दाबून पाहिले, तो द्वार जागचे हालले नाही. धन्यांनी पंतांचे कमरेची किल्ली मागून घेतली. पंतांनी ती सोडविता सोडविता गाठ आणखीच घट्ट केली, ते पाहून क्षणभर वाईट वाटले, नाही म्हणवत नाही. पण क्षणभरच.

दरबार उठल्यावर पंत पडद्यापाशी एकटेच राहिले आणि बाईंस हात जोडून बोलिले, "किल्ली गेली ती गेली. पण त्या पाच नोंदी तेवढ्या इतिहासातून पुसून टाका. साती प्रांत वाचतील."

बाई म्हणाल्या, "त्या प्रती साती प्रांतांत तुम्हीच धाडल्यात पंत, आता त्या कोण कोण परत देईल? आणि तुमचे काम मी पुसू म्हणता, तर ते आहे कुठे?"

ऐसे हे वर्तमान. सारांश इतकाच की, द्वार बंद आहे, किल्ली द्वारकाबाईंकडे आहे, पत्रशुद्धी मोडीत निघाली, समिती मात्र अद्याप भरते. इतिहास उघडून पाहावा तर बहिरोपंतांचे नाव पाच वेळा ठळक लागले आहे, आणि प्रत्येक नावाखाली गिटने प्रामाणिकपणे दाखविले आहे की, यांनी काय बदलिले, तर काही नाही.