नावाचं घर शोधणारा धकाते

आमच्या ऑफिसातला धकाते संगणकाच्या पडद्याला नावगाव विचारतो. मनातल्या मनात नाही, चांगलं मोठ्यानं. कोडमधल्या एखाद्या शब्दावर बोट ठेवून म्हणतो, “कोनाचा गा तू? कुठून आला?” नवीन पोरं पहिल्या दिवशी दचकतात. नंतर तीही उत्तर ऐकायला खुर्च्या सरकवून येतात.

धकाते उमरेडच्या विणकराच्या घरातला. आम्ही दोघं शेजारी बसून कोळशाच्या ट्रकांचं वजन नोंदवणारं सॉफ्टवेअर लिहितो. नुसत्या नावावर त्याचा कधीच भरवसा नसतो. ऑफिसातल्या परातेच्या लग्नाला आम्ही सगळे रामटेकला गेलो होतो. मंडपावर ‘पराते परिवार’ वाचलं, आत शिरलो, ताटं वाढून घेतली. धकाते मात्र दारातच एका म्हाताऱ्या पाहुण्याला धरून बसला. नवरदेवाचा बाप कोण, मामा कुठले, सोयरीक कोणी जमवली, सगळं विचारून झालं. आमचा वडाभात अर्धा संपला तेव्हा येऊन म्हणाला, “हे पराते दुसरे हायेत. आपले मागच्या गल्लीत.” यजमानांनी आम्हाला उठू दिलं नाही, आणि त्या दिवशी आम्ही दोनदा जेवलो.

कोडमध्येही असे पराते ढिगानं असतात. ‘वजन’ नावाचा एक टाइप, म्हणजे माहितीचा साचा, या फाइलीत, दुसरा त्या फाइलीत. एक फाइल तो दुसरीकडून घेते, त्याचं नाव बदलते आणि तिसरीला देते. आपण जवळचा दिसेल तो धरतो आणि फसतो. म्हणून धकातेनं आम्ही ज्यात कोड लिहितो त्या एडिटरला जोडायचं एक एक्स्टेन्शन स्वतः बनवलंय. नावावर कर्सर नेला की ते एकेक फाइल मागे जात मूळ व्याख्येपर्यंत पोचतं आणि तिचं घर दाखवतं. जिथं सापडत नाही तिथं चक्क ‘माहीत नाही’ लिहितं. मी पहिल्यांदा ते चालताना पाहिलं तेव्हा चहा हातातच राहिला. इतकी वर्षं कोड लिहून मला असं काही सुचलं नव्हतं, हे मी आजही थक्क होऊन सांगतो.

यंदा साहेबांनी जुना कोड साफ करायला काढला. ज्या फाइलीकडे कुठूनच वाट येत नाही, म्हणजे जिच्यातलं काहीच कोणी वापरत नाही, ती काढून टाकायची, आणि निवाडा धकातेच्या एक्स्टेन्शननं करायचा.

त्या जुन्या कोडात नलूनं लिहिलेली एक फाइल होती. नलू म्हणजे धकातेची बायको. आमच्याच ऑफिसात खिडकीजवळ बसायची. काही वर्षांपूर्वी आजारानं गेली. त्यानंतर आम्ही सगळे हळूहळू नव्या, इंग्रजी नावांच्या फाइलींकडे वळलो होतो. नलूची फाइल राहावी असं धकातेला वाटत होतं. ते आम्हाला कळत होतं, आणि आम्हालाही तेच वाटत होतं.

एक्स्टेन्शन म्हणालं, या फाइलीकडे कोणीच येत नाही.

धकातेचा विश्वास बसेना. आपल्याच कामात चूक असेल म्हणून तो दिवसचे दिवस खपला. मी जेवायला बोलावलं की म्हणे, “थांब गा, शोधून राहिलो ना.” आणि चूक निघालीही. नाव बदलून पुढे दिलेले काही टाइप सुटत होते. ती दुरुस्त झाल्यावर दुसऱ्या कोणाची तरी फाइल काढली जाण्यापासून वाचली. नलूची नाही वाचली.

मला राहवेना. मी हळूच म्हटलं, माझ्या फाइलीत तिचा एखादा टाइप घेतो, म्हणजे वाट राहील.

“नोको,” तो म्हणाला. “गरज नसताना घेशील, तर ते खोटं नातं होईन. तिले नसतं चाललं.”

कोडच्या जपून ठेवलेल्या जुन्या आवृत्त्यांत ती फाइल कायम राहणारच होती, पण तिथं कोण जातं? दुपारी जेवणानंतर त्यानं ती उघडली. खुर्ची पुढे ओढली आणि मोठ्यानं वाचायला लागला. रिकामा ट्रक. भरला ट्रक. ओला कोळसा. सुका कोळसा. धर्मकाट्यावरचं वजन. ट्रक तोलायच्या त्या काट्यावरची माणसं बोलतात तीच नावं नलूनं टाइपांना दिली होती. शेवटची ओळ वाचून झाल्यावर त्यानं स्वतःच्या हातानं फाइल काढून टाकली.

मग पडद्यावरच्या त्या मोकळ्या जागेकडे बघत, माझ्याकडे न वळता म्हणाला, “नावं चांगली ठेवली होती गा तिनं, नाही?”