टाकी साठ टक्के

गच्चीवरच्या टाकीत पाण्याची पातळी मोजणारं यंत्र मी स्वतः बसवलं. त्यामागे काही थोर विचार नव्हता; जिना चढून झाकण उघडायचा कंटाळा होता. यंत्र बिनतारी, बॅटरीवर चालणारं. दर मिनिटाला मोबाइलवर आकडा पाठवायचं. बॅटरी लगेच संपली आणि ती बदलायला मला गच्चीवरच चढावं लागलं.

मग मी ऑफिसची विद्या घरी आणली. (ऑफिसात मला बिनतारी यंत्रांमधला तज्ज्ञ म्हणतात. घरी हा शब्द जरा वेगळ्या सुरात म्हणतात.) प्रत्येक आकडा पोचलाच पाहिजे, हा हट्ट आम्ही कधीच सोडलाय. मोठा फरक पडला तरच यंत्रानं कळवायचं. निरोप वाटेत हरवला तर पुन्हा पाठवायचा नाही. मधलं सगळं मोबाइलनं रोजच्या सवयीवरून अंदाजानं भरायचं. बॅटरी वर्षानुवर्षं टिकते.

"म्हणजे मोबाइलवर दिसतं ते खरं नसतं?" बायकोनं विचारलं.

"खऱ्याच्या अगदी जवळचं असतं."

"किती जवळचं?"

"कामापुरतं."

तिची मुलाखत होती त्या सकाळची गोष्ट. मुलगी झाल्यावर सोडलेल्या नोकरीनंतरची पहिलीच मुलाखत. ही नोकरी तिला हवीच होती. आठवडाभर ती आरशासमोर उत्तरं पाठ करत होती.

"केस धुऊ ना? पाणी आहे?"

मी मोबाइल पाहिला. "साठ टक्के. खुशाल धू."

आता, माझ्या आईनं पहाटेच घरातले झाडून सगळे पडदे धुतले होते. यंत्रानं तसा निरोप इमानानं पाठवलाही होता. तो नेमका वाटेत हरवला. मोबाइलनं मग अंदाज बांधला, की या घरात एवढं पाणी कोणी सकाळी सकाळी वापरत नाही.

"अरे, नळ बंद झाला!" बाथरूममधून आवाज आला.

"शक्य नाही. साठ टक्के दाखवतोय."

"माझ्या डोक्यावर शंभर टक्के फेस आहे!"

"वर जाऊन बघ की रे," आई म्हणाली.

"आई, बघायला लागू नये म्हणूनच तर..."

आई पुढचं ऐकायला थांबली नाही. फ्रीजमधल्या पाण्याच्या सगळ्या बाटल्या तिनं बाथरूमच्या दारातून आत सरकवल्या. आतून जी किंकाळी आली, ती मात्र वाटेत अजिबात हरवली नाही.

बायको ओल्या केसांनी, कानामागे फेस घेऊन मुलाखतीला गेली. मी गच्चीवर गेलो. टाकी ठणठणीत कोरडी होती. मोबाइल अजून साठवर ठाम होता.

ऑफिसात दिवसभर तिचा फोन नाही, मेसेज नाही. निरोप नाही म्हणजे फरक नाही, म्हणजे नोकरी नाही, असा हिशोब मी केला. माझ्या आळसापायी तिची संधी गेली, याचं मला खरोखर वाईट वाटलं. जेवणाचा डबा मी तसाच परत आणला.

घरी आलो तर बायको, आई आणि मुलगी आइस्क्रीम खात बसलेल्या.

"तिला नोकरी मिळाली!" आई म्हणाली. "दुपारीच कळलं."

"मग मला का नाही कळवलंस?"

"म्हटलं, तू अंदाज बांधला असशील," बायको म्हणाली. "ऑफिसात तज्ज्ञ आहेस ना?"

मी मान खाली घातली. "माझ्यासाठी आइस्क्रीम ठेवलंय?"

"फ्रीजमध्ये आहे. साठ टक्के."

एवढ्यावर भागलं, अशा समाधानात मी फ्रीज उघडला. डबा होता. चाटून पुसून, झाकण नीट लावून ठेवलेला.