फडतरे सरांच्या मिशा

फडतरे सर मिशा वाढवायचे, पण स्वतःच्या ओठावर नाही. त्यांचा ओठ रोज सकाळी गुळगुळीत असायचा. मिशा वाढायच्या सांगलीच्या आमच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत, भट्टीतल्या एका नळीत. जस्त आणि गंधक यांच्या संयुगाची पांढरी पूड हजार अंशांच्या वर तापवायची, तिची वाफ नळीच्या जरा थंड टोकाकडे न्यायची, की तिथं स्फटिकाच्या केसासारख्या बारीक सुया उगवतात. इंग्रजी पुस्तकांत त्यांना ‘व्हिस्कर’ म्हणतात. सरांनी त्याचं मराठी केलं ‘मिशी’, आणि स्वतःच्या हातानं स्वतःची पंचाईत करून घेतली.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. सरांचं गाव वडूजजवळ. वडील, आण्णा, फौजेतून सुभेदार होऊन आलेले, आणि त्यांच्या खऱ्या मिशा पंचक्रोशीत प्रसिद्ध. गावात बातमी अशी पोचली की सुभेदाराच्या पोराला सरकार मिशा वाढवायचा पगार देतं. पारावर कुणीतरी आण्णांना विचारलंच, “आवं, पोराच्या किती झाल्या?” आण्णा म्हणाले, “चार बोटं. पर बघायला दुर्बीण लागती.”

मी त्याच कॉलेजात मराठी शिकवायचो आणि सरांच्या शेजारच्या घरात राहायचो, त्यामुळे त्यांचं शास्त्र मला नाइलाजानं कळलं. सुईत अणूंचे थर एकावर एक बसतात. ते दोन तऱ्हांनी बसू शकतात. भट्टीची आच कायम राहिली तर एका तऱ्हेनं, आच उतरली की दुसऱ्या. सरांना बुडापासून टोकापर्यंत एकाच तऱ्हेची सुई हवी होती. निघायची मात्र नेहमी कालवलेली. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की मधेच रंगीत पट्टे दिसायचे, आणि सर त्या पट्ट्यांकडे घरात शिरलेल्या परक्या माणसाकडे बघावं तसं बघायचे.

दोष विजेचा होता. कुठं पंप सुरू झाला की दाब उतरायचा, त्याबरोबर भट्टीची आच. म्हणून भट्टी चालू असेल तेव्हा सर आच कमीजास्त करायच्या बटणावर हात ठेवून बसायचे आणि मधेच उठून कॉलेजच्या आवारातल्या घरांतून हिंडायचे. “वहिनी, इस्त्री उद्या केली तर चालेल? वाढ चालू आहे.” हे त्यांनी प्राचार्यांच्या बायकोलाही सांगितलं. प्राचार्य त्या दिवशी चुरगळलेल्या शर्टात आले आणि कुणाशी बोलले नाहीत.

माझ्या मेहुणीचं लग्न वाईला होतं. भट्टी बंद होती म्हणून सर आले. मांडवात न बसता थेट कोठीघरात शिरले. तिथं परातीत बुंदीच्या लाडवांचा डोंगर रचलेला.

“तिसरा थर चुकलाय,” सर म्हणाले.

माझ्या सासूबाईंना वाटलं लाडू बिघडले. सरांनी बाह्या वर केल्या आणि समजावलं. पहिल्या थराच्या खळग्यांत दुसरा थर बसतो. तिसरा एकतर पहिल्याच्या बरोबर डोक्यावर बसवावा, नाहीतर उरलेल्या खळग्यांवर. काहीही करा, पण मधेच पद्धत बदलू नका. त्यांनी सगळी परात उतरवून पुन्हा रचली. तेवढ्यात पंगत बसली होती आणि वाढपी रिकामे परतत होते. सासूबाई शेवटी म्हणाल्या, “अहो सर, लग्न मुलीचं आहे, लाडवांचं नाही.”

सरांचं स्वतःचं लग्न राहून गेलं होतं. एकदा इस्लामपूरला मुलगी बघायला गेले, पण इकडं भट्टी शिपायाच्या भरवशावर होती. चहा यायच्या आधीच उठले. मुलीकडच्यांना वाटलं मुलगी पसंत नाही. मुलगी तर अजून बाहेरच आली नव्हती.

पुढं पुण्याहून एक मोठे अभ्यासक सुया बघायला येणार असं ठरलं. सरांनी भट्टी पेटवली. या खेपेला वीज गुणानं वागत होती. दोन दिवस आचेचा काटा हलला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी सरांशी बोलत बसलो होतो, तेव्हा गावाकडचा एक माणूस आण्णांना हाताला धरून प्रयोगशाळेत सोडून गेला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. मिरजेच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी या म्हणून सांगितलं होतं.

“तुझं काम सोडू नगंस, दिन्या,” आण्णा खुर्चीत ताठ बसून म्हणाले. “मी जातो मिरजंला. फौजंत व्हतो मी. डोळ्याचं काय भ्या न्हाई मला.”

खुर्चीची दांडी मात्र त्यांच्या बोटांनी गच्च धरून ठेवली होती.

सरांनी ती बोटं बघितली. मग बटणावरचा हात हळूहळू डावीकडं फिरवला. नळीतली लाली फिकी होत गेली. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी मला हातानंच गप्प केलं आणि मोठ्यानं म्हणाले, “आण्णा, भट्टी हे मास्तर बघतील. काम चालूच राहील.”

पुण्याचे पाहुणे पट्टे असलेल्या सुया बघून गेले. सर तेव्हा मिरजेला होते.

त्या काळी मोतीबिंदू काढला की दोन्ही डोळे बांधून, डोक्याच्या दोन बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून माणसाला उताणं झोपवत. मी एका सकाळी भेटायला गेलो तेव्हा सर चहा आणायला गेले होते. मी हाक मारली, आण्णांनी आवाज ओळखला.

“मास्तर, भट्टी चालू हाय न्हवं?”

“चालू आहे,” मी म्हणालो.

 पट्टीखाली आण्णांच्या मिशा हलल्या.

“ह्यो रोज सकाळी म्हनतो, आण्णा, कॉलेजात जातो. चपला वाजवत दारापतूर जातो. मग चपला काढून गुपचूप माघारी येतो, आन हितं स्टुलावर बसतो संध्याकाळपतूर. बोलत न्हाई, खोकत न्हाई. पर ल्हानपनापासनं श्वासासंगं नाक वाजतंय त्याचं. ते कुठं लपतंय?”

“मग तुम्ही काही बोलत नाही?”

“कशाला? बोललो तर खरंच जाईल.” त्यांनी आवाज खाली आणला. “त्याची आई गेल्यापासनं इतका येळ कवा बसला न्हाई माझ्याजवळ. तुमी बी सांगू नगा.”

दारात नाक वाजलं. सर उभे होते. एका हातात चहाचा पेला, दुसऱ्या हातात चपला. त्यांनी किती ऐकलं होतं, कोण जाणे.

“दिन्या पोचला असंल आता कॉलेजात,” आण्णा मोठ्यानं म्हणाले.

सर अनवाणी आत आले, पेला खिडकीत ठेवला आणि आवाज न करता स्टुलावर बसले. आण्णांनी हात पांघरुणाबाहेर काढला आणि खाटेच्या कडेला, स्टुलाच्या बाजूनं, उघडाच ठेवून दिला.