पाखरं खाली उतरली की

सुभेदार आप्पा अंगणात यायचे ते गुडघ्यापर्यंत गमबूट घालूनच. भर उन्हाळ्यातसुद्धा. अर्धं आयुष्य फौजेत काढलेला सहा फुटी माणूस, पण ‘साप’ हा शब्द तोंडातून निघत नसे. ‘लांबडं’ म्हणायचे, तेही आवाज उतरवून. आणि गाव कुठलं, तर शिराळा! नागपंचमीला नाग बघायला ज्या गावात अख्खा मुलूख लोटतो, त्या गावचा हा माणूस त्या दिवशी इथं सांगलीत, विश्रामबागेतल्या घरात कडी लावून बसायचा.

आमची घरं शेजारी, मध्ये एकच भिंत. त्यांनी बागेत बाजरी आणि कणीच्या चार ताटल्या टांगल्या होत्या. मला वाटलं, पाखरांचा लळा असेल.

“कसला लळा, अण्णा? ड्यूटीवर ठेवल्यात. राशन माझं, पहारा त्यांचा.”

मग त्यांनी मला धडे दिले. “मांजर आलं की पाखरं वरच्या फांदीवर जाऊन शिव्या देत्यात. वर शिक्रा घिरट्या घालाया लागला की जागच्या जागी चिडीचूप. खारीला तर मोजतच न्हाईत. पण लांबडं निघालं, की खाली उतरत्यात. साळुंक्या, बुलबुल, सातभाई, एरवी दाण्यावरनं भांडणारी समदी एका जागी गोळा व्हत्यात आन् एकाच ठिकाणाकडं बघून वराडत्यात. पाखरं खाली उतरली की आपण मागं सरायचं. व्हय का न्हाई?”

उत्तराची वाट ते कधीच बघत नसत.

पाखरं उतरली की आप्पा फौजेतली शिट्टी फुंकायचे. गल्लीत एकच पळापळ. एकदा शेजारच्या बाई वाळत घातलेले पापड टाकून पळाल्या. साप निघाला नाही, पापड मात्र पहारेकऱ्यांनी फस्त केले. लोक हसायचे. पण खरं सांगतो, तो गलका सुरू झाला की मीही हळूच दार लावून घ्यायचो.

चौथी ताटली नेमकी माझ्या परसाच्या भिंतीवर होती. दुपारी माझा डोळा लागला की सातभाई सुरू, आणि पाठोपाठ भिंतीवर आप्पांचं डोकं. “आवं अण्णा, त्या इटा हलवा की. लांबड्याचं घर हाय ते.”

जुनं न्हाणीघर पाडलं, त्याच्या विटांचा ढीग मी परसात रचून ठेवला होता. कधीतरी लागतील म्हणून. “बघू,” मी म्हणायचो. वर्षभर बघतच होतो.

एका सकाळी मी नेहमीसारखा अनवाणी पूजेची फुलं तोडत होतो. एकाएकी पाखरं खाली उतरली. माझ्या भोवतीच. पंख पसरून, चोची उघड्या टाकून सगळी माझ्या पायांकडे बघत होती. मी खाली पाहिलं. पावलापासून वीतभर अंतरावरून काहीतरी काळं, मनगटाएवढं जाड, सावकाश विटांत शिरत होतं. ते संपता संपेना. पाय हलेनात. भिंतीपलीकडून शिट्टी वाजली तेव्हा कुठे मी मागे सरलो. आप्पांनी सगळं पाहिलं होतं. मी पाहिलं, हेही पाहिलं होतं.

गल्लीनं शिट्टीची तक्रार केली म्हणून त्याच आठवड्यात त्यांचा मुलगा पुण्याहून आला. गेटपाशी दहा माणसं जमली. मुलगा म्हणाला, “काका, आप्पांना भास होतात. मी त्यांना पुण्याला नेतो.”

“अण्णांना इचार,” आप्पा म्हणाले. “त्यांनी डोळ्यांनी बघितलंय.”

सगळे माझ्याकडे वळले. विटा माझ्या होत्या. ‘हो’ म्हटलं असतं तर अख्खी गल्ली माझ्यावर उलटली असती.

“मला तर काही दिसलं नाही,” मी म्हणालो.

आप्पा पायरीवर बसले आणि गमबूट काढू लागले.

ते पुण्याला गेले, सहाव्या मजल्यावर. मुलानं ताटल्या उतरवल्या. माझ्या भिंतीवरची तेवढी राहिली, रिकामी. तरी पाखरं येत. आता गलका झाला तरी शिट्टी वाजत नसे. मला परसात जायची भीती वाटू लागली. फुलं तोडणं सुटलं. शेवटी गडी लावून विटा उपसल्या. तळाशी माझ्या उंचीएवढी कात होती.

तिथूनच आप्पांच्या मुलाला फोन लावला आणि सगळं कबूल केलं.

“काका, आई उसात साप चावून गेली. आप्पा रजेवर आले होते, बांधावरच बसले होते. सातभाई ओरडत होते, तेव्हा हसून म्हणाले होते, काय कालवा लावलाय. आणि ती चौथी ताटली... तुम्ही अनवाणी फुलं तोडता म्हणून त्यांनी ती तुमच्या भिंतीवर लावली होती.”

तेवढ्यात शेजारी बसून ऐकत असलेल्या आप्पांनी फोन घेतला.

“अण्णा, कात घावली म्हणं? लांबडं घावलं का?”

“नाही, आप्पा. आप्पा, मी त्या दिवशी...”

“ते ऱ्हाऊ द्या. इटांपाशीच हुबं हायसा न्हवं? पायांत काय हाय?”

मी खाली पाहिलं. आता खोटं बोलायचं नव्हतं.

“काही नाही.”

मग फोनमधून कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजली.

मी मागे सरलो.